मूल ‘रुळतं’ तेव्हा

जूनच्या मध्यावर कुठल्याही बालवाडीच्या दारात उभं राहिलं, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं. “तुम्ही निघा आता. तुम्ही गेलात की गप्प होईल. दोन-चार दिवस रडेल, मग रुळेल.” बाई हे आईला सांगतात, आई घरी जाऊन सासूला सांगते. आणि बहुतेक वेळा तसंच घडतंही. आठवड्याभरात मुलाचं रडणं थांबतं. ते दप्तर खुंटीला अडकवतं, सतरंजीवर जाऊन बसतं, खाऊच्या वेळी डबा उघडतं. रुळलं, असं म्हणून आपण पुढच्या रडणाऱ्या मुलाकडे वळतो.

आम्हीही हे वाक्य पुष्कळदा म्हटलेलं आहे. त्यामुळे या शब्दाला एक इतिहास आहे आणि त्यावरून एकदा चांगलंच वादळ उठलं होतं, हे वाचलं तेव्हा थोडं अवघडल्यासारखं झालं. वादळ उठलं ते लंडनमध्ये, १९५२ साली. जागा बालवाडी नव्हती, हॉस्पिटलातला मुलांचा वॉर्ड होता. पण प्रश्न तोच होता. रडायचं थांबलेलं मूल खरोखर रुळलेलं असतं का?

जंतूंच्या भीतीचा काळ

त्या काळच्या डॉक्टरांना आणि नर्सना दुष्ट ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर होणार नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनाथालयांत आणि हॉस्पिटलांत तान्ही मुलं भराभर मरत. गोवर, घटसर्प, जुलाब, न्यूमोनिया यांपैकी एक काही वॉर्डात शिरलं की खाटांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या होत. पेनिसिलिन सर्रास मिळू लागलं ते १९४० च्या दशकाच्या मध्यानंतर. तोवर डॉक्टरांच्या हातात एकच हत्यार होतं, ते म्हणजे मुलाला माणसांपासून दूर ठेवणं. खाटांमध्ये पडदे, नर्सच्या तोंडाला फडकं, मुलाला कमीत कमी हात लावायचा, आणि बाहेरून जंतू घेऊन येणारी आई तर शक्यतो आत नकोच.

याच सुमाराला मानसशास्त्रातही कोरडं वारं वाहत होतं. जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात मुलांचे लाड करू नका, त्यांना मांडीवर घेऊ नका, सकाळी हवं तर हस्तांदोलन करा, असा सल्ला दिला होता. पुस्तक खूप खपलं.

या स्वच्छतेत काहीतरी चुकतंय हे काहींच्या लक्षात आलं होतं. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात हॅरी बाक्विन या बालरोगतज्ज्ञाने दारावरची ‘दोनदा हात धुऊन आत या’ अशा अर्थाची पाटी काढली. तिच्या जागी, एका तरी बाळाला उचलून घेतल्याशिवाय या खोलीत पाऊल ठेवू नका, अशी पाटी लावली. न्यूकॅसलमध्ये जेम्स स्पेन्स १९२० च्या दशकापासून आजारी बाळाबरोबर आईलाही दाखल करून घेत होते. पण ही एकेकट्या माणसांची उदाहरणं झाली.

१९४५ साली रेने स्पिट्झ यांनी दोन संस्थांची तुलना प्रसिद्ध केली. एक होतं अनाथालय. तिथे अन्न आणि स्वच्छता यांत खोट काढता आली नसती, पण सात-आठ बाळांमागे एकच नर्स होती. दुसरी जागा होती तुरुंगाला जोडलेलं बालगृह. तिथे कैदी आयाच आपापल्या बाळांचं सगळं करत. अनाथालयातल्या ९१ मुलांपैकी ३४ मुलं दोन वर्षांच्या अवधीत दगावली. तुरुंगातल्या बालगृहात त्या काळात एकही मूल दगावलं नाही. स्पिट्झ यांच्या पद्धतीवर पुढे टीका झाली आणि ती बरीचशी रास्त होती. दोन्हीकडची मुलं मुळात सारख्या परिस्थितीतली नव्हती, नोंदीही काटेकोर नव्हत्या. तरी ३४ हा आकडा विसरता येण्यासारखा नव्हता.

तरीही लंडनमधल्या हॉस्पिटलांचे १९४९ सालचे भेटीचे नियम पाहा. गाय्ज हॉस्पिटलात रविवारी दुपारी दोन ते चार. सेंट थॉमसमध्ये पहिला महिनाभर भेटच नाही. आईबापांनी संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान येऊन झोपलेलं मूल पाहून जायचं. वेस्ट लंडन हॉस्पिटलात भेट अजिबात नाही. आता कारण फक्त जंतूंचं राहिलेलं नव्हतं. नर्सचा अनुभव असा होता की आई येऊन गेली की मुलं आक्रोश करतात, वॉर्ड तासन्‌तास अस्वस्थ राहतो. आई आलीच नाही तर मुलं चार दिवसांत शांत होतात, खातात-पितात, रुळतात. अनुभव खोटा नव्हता. त्याचा अर्थ काय लावायचा, एवढंच ठरायचं होतं.

बॉयलर सांभाळणारा माणूस

हा अर्थ ज्याने बदलला तो डॉक्टर नव्हता. जेम्स रॉबर्टसन स्कॉटलंडमधल्या कामगार कुटुंबातला. शाळा लवकर सुटली आणि पोलादाच्या कारखान्यात कामाला लागला. दुसऱ्या महायुद्धात त्याने शस्त्र हाती घ्यायला नकार दिला. १९४१ साली तो आणि त्याची पत्नी जॉइस लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या एका युद्धकालीन बालगृहात नोकरीला लागले. ती मुलांकडे बघायची. हा बॉयलर पेटवणं, दुरुस्त्या करणं, रात्री बॉम्बहल्ल्यात आगीवर लक्ष ठेवणं अशी कामं करायचा.

बालगृह चालवत होत्या ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम. ॲना फ्रॉइड यांची एक शिस्त होती. मुलांबद्दल जे काही दिसेल ते प्रत्येकाने कार्डावर लिहून ठेवायचं. प्रत्येकाने म्हणजे स्वयंपाकघरातल्याने आणि बॉयलरवाल्यानेसुद्धा. मत लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं. रॉबर्टसनचं सगळं शिक्षण या कार्डांवर झालं, असं म्हटलं तरी चालेल.

या बालगृहात घडलेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. १९३९ च्या सप्टेंबरात बॉम्बच्या भीतीने ब्रिटनमधल्या शहरांतून सुमारे पंधरा लाख लोकांना खेड्यांकडे हलवण्यात आलं. त्यांत निम्म्याहून अधिक शाळकरी मुलं होती, आईवडिलांशिवाय निघालेली. पाच वर्षांखालच्या मुलांना असं एकटं पाठवणं धोक्याचं आहे, असं पत्र जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट या तिघा डॉक्टरांनी त्याच डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं. हॅम्पस्टेडच्या बालगृहात आलेल्या मुलांकडे पाहून ॲना फ्रॉइड यांनाही असंच दिसलं. जी मुलं बॉम्बच्या आवाजात, पण आईच्या कुशीत राहिली होती, ती आईपासून दूर सुरक्षित जागी पाठवलेल्या मुलांपेक्षा कमी बिथरलेली होती.

सुरुवातीला या बालगृहात सगळ्या सेविका सगळ्या मुलांचं सगळं करत. मुलं शांत असत, पण बोलणं, स्वच्छतेच्या सवयी यांत मागे पडत होती. मग चार-पाच मुलांमागे एक सेविका अशी छोटी ‘कुटुंबं’ केली गेली. त्यानंतर काय व्हावं? शांतता संपली. ‘माझी’ बाई दुसऱ्या मुलाला घेते म्हणून मारामाऱ्या, तिची सुट्टी असली की रडारड, ती दाराआड गेली की किंचाळणं. कुणाही पर्यवेक्षकाने हा प्रयोग फसला असं लिहिलं असतं. पण काही आठवड्यांत मुलांचं बोलणं झपाट्याने सुधारलं, अंथरूण ओलं करणं कमी झालं. आधीची शांतता म्हणजे समाधान नव्हतं. रडावं असं कुणी मुलांजवळ उरलंच नव्हतं.

याच ॲना फ्रॉइड यांच्या देखरेखीखालचा आणखी एक प्रसंग इथे सांगायलाच हवा, कारण नाहीतर हा लेख ‘आई, आई आणि आई’ असा होऊन बसेल. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये सहा ज्यू मुलांना इंग्लंडात ससेक्स परगण्यातल्या बुलडॉग्ज बँक नावाच्या घरी आणलं गेलं. वयं तिनाच्या आसपास. आईवडील नाझींनी मारलेले. सगळी तेरेझिनच्या छळछावणीतून वाचलेली आणि जवळजवळ तान्ही असल्यापासून एकत्र वाढलेली. आल्या आल्या त्यांनी खेळणी मोडली, मोठ्यांना बोचकारलं, थुंकली. पण एकमेकांपासून क्षणभरही वेगळं राहायला ती तयार नसत. एकाला बरं नाही म्हणून वेगळं ठेवलं की बाकीची अस्वस्थ. जेवताना स्वतःच्या ताटापेक्षा शेजाऱ्याला घास पोचला की नाही याची काळजी जास्त. तीन वर्षांची मुलं वाटून खात नाहीत, आपल्यापुरतं पाहतात, असं आपण पाठ्यपुस्तकांत शिकतो. या मुलांत ‘माझं-तुझं’ जवळपास नव्हतंच. आई नाही, वडील नाहीत, मोठं माणूस कायम नाही, पण सोबती कायम होते. त्या धाग्यावर ती तगली होती, आणि वर्षभरात हळूहळू मोठ्या माणसांवरही विश्वास टाकायला लागली.

भिंतीवरच्या घड्याळासकट

युद्ध संपलं. १९४८ साली बोल्बी यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये आईपासून ताटातूट झालेल्या मुलांचा अभ्यास करायला एक छोटा गट उभा केला आणि रॉबर्टसनला बोलावलं. काम साधं होतं. सेंट्रल मिडलसेक्स हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात जाऊन बसायचं आणि पाहायचं.

त्याने जे पाहिलं ते असं. एक ते चार वर्षांचं मूल दाखल झालं की आधी जीव तोडून रडतं. दाराकडे पाहतं, खाटेचे गज हलवतं, जवळ येणाऱ्या नर्सला ढकलतं. हा विरोधाचा काळ काही तास चालतो किंवा काही दिवस. मग मूल शांत होतं. पडून राहतं, अंगठा चोखतं, मधूनच हलकं मुसमुसतं. नर्स लिहितात, रुळलं. रॉबर्टसनला ती निराशा दिसली. मुक्काम लांबला तर तिसरा टप्पा येतो आणि तो सर्वांत फसवा. मूल हसतं, खातं, कुठल्याही नर्सकडे जातं, सगळ्यांचं आवडतं होतं. भेटीच्या दिवशी आई येते तेव्हा तिने आणलेला खाऊ घेतं आणि तिच्याकडे पाठ करून खेळायला जातं. आईचा चेहरा काय होत असेल ते सांगायला नको. या तिसऱ्या टप्प्याला त्याने आधी नकार म्हटलं, पुढे अलिप्तता हा शब्द रूढ झाला.

डॉक्टरांना तो हे सांगायचा तेव्हा ते म्हणायचे, आमच्या वॉर्डात असं नाही. आमची मुलं आनंदात आहेत. शब्दांनी भागणार नाही हे त्याला कळलं आणि त्याने हातात धरायचा एक कॅमेरा विकत घेतला. आयुष्यात त्याने कधी चित्रण केलेलं नव्हतं.

पद्धत मात्र पक्की. बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस राहणार असलेल्या मुलांच्या यादीतून चिठ्ठी टाकावी तसं एक नाव काढलं. मुलगी निघाली लॉरा, वय दोन वर्षं पाच महिने. रोज ठरलेल्या वेळीच चित्रण करायचं. सोयीचे रडके क्षण निवडले असं कुणी म्हणू नये म्हणून चित्रात वॉर्डचं घड्याळ दिसेल असं पाहिलं.

आणि योगायोगाने लॉरा निघाली विलक्षण समजूतदार. ती गळा काढत नाही. पहिल्या आंघोळीच्या वेळी तेवढी किंचाळते, मग दहाएक मिनिटांत स्वतःला आवरते. खेळता खेळता मध्येच, अगदी हळू आवाजात, आई कुठे आहे असं विचारते आणि पुन्हा खेळाकडे वळते. घरून आणलेलं अस्वल आणि पांघरुणाचा जुना तुकडा घट्ट धरून ठेवते. ओठ मुडपून रडू आवरते. वरवर पाहणाऱ्याला गुणी मूल दिसेल. आठव्या दिवशी आई न्यायला येते. लॉरा आपल्या सगळ्या वस्तू गोळा करते, एकही मागे ठेवत नाही, आणि दाराकडे चालू लागते. आईने पुढे केलेला हात मात्र ती धरत नाही.

फिल्म १९५२ च्या नोव्हेंबरात रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखवली गेली. दिवे लागल्यावर सभागृह खवळलं. हा धंद्याचा अपमान आहे, मुलगी मुद्दाम निवडली आहे, फिल्म मागे घ्या. पुष्कळांना त्यात काही दुःखच दिसलं नाही. रडत कुठे आहे ती?

चिडलेल्यांमध्ये डर्मॉड मॅकार्थी नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. पण ते आपल्या वॉर्डात परतले आणि त्यांना खाटाखाटांवर लॉरा दिसू लागली. त्यांनी ॲमरशमच्या हॉस्पिटलात आयांना मुलांजवळ राहू द्यायला सुरुवात केली. रॉबर्टसनने १९५८ साली आपली दुसरी फिल्म तिथेच केली. १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला, की भेटीवर बंधनं नकोत आणि पाचाखालच्या मुलाबरोबर आईला राहण्याची सोय करावी. हॉस्पिटलांनी अहवाल कपाटात ठेवला. तेव्हा १९६१ साली रॉबर्टसन ऑब्झर्व्हर वर्तमानपत्रात आणि बीबीसीच्या पडद्यावर गेला आणि थेट आयांशी बोलला. त्याच वर्षी आयांची संघटना उभी राहिली आणि पुढची कित्येक वर्षं हॉस्पिटलाहॉस्पिटलात भांडत राहिली. नियम बदलायला अहवालापेक्षा या बायकांचा उपयोग जास्त झाला, असं आमचं मत आहे.

मग आईने घरीच बसायचं?

बोल्बी यांच्या संशोधनाचा दुरुपयोगही झाला, तोही लगेच. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी १९५१ साली लिहिलेला अहवाल अनाथालयांतल्या मुलांबद्दल होता. पण युद्धकाळातली पाळणाघरं बंद होत असताना नोकरी करणाऱ्या आईला ऐकवायला तो सोयीचा पडला. मार्गारेट मीड यांनी यावर कोरडे ओढले. शेफर आणि इमर्सन यांनी ग्लासगोच्या ६० बाळांचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध केला. दीड वर्षाची होईतो बहुसंख्य बाळांचा जीव एकाहून अधिक माणसांत गुंतलेला होता. आजी, आत्या, शेजारच्या काकू यांच्या कडेवर वाढलेल्या आपल्याला हे सांगायला ग्लासगोपर्यंत जायची गरज नाही! पुढे १९७२ साली मायकेल रटर यांनी ‘मातृवियोग’ या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत हे सुटं करून दाखवलं.

खुद्द रॉबर्टसन दांपत्यानेही बोल्बींशी मतभेद मांडले, आणि तेही प्रयोगातून. आई बाळंतपणासाठी हॉस्पिटलात असताना चार मुलांना त्यांनी पाळीपाळीने आपल्या घरी ठेवून घेतलं. आधी मुलाने येऊन घर पाहायचं. अंथरूण, खेळणी घरची. जेवणखाण, झोपायच्या वेळा घरच्यासारख्या. आईचा फोटो जवळ, आईचा विषय रोज निघायचा. सांभाळणारं माणूस एकच. या मुलांना आईची आठवण आली, ती कुरकुरली, पण कोसळली नाहीत.

त्याच मालिकेतली १९६९ ची फिल्म आहे जॉनवर. हा १७ महिन्यांचा मुलगा नऊ दिवस एका चांगल्या बालगृहात होता. नर्स तरुण, प्रेमळ, पण त्यांच्या पाळ्या बदलत राहायच्या. जॉन एकीला निवडतो, तिची पाळी संपते. दुसरीकडे जातो, तिच्याभोवती आधीच गर्दी असते. बालगृहातली जुनी, धीट मुलं त्याला मागे सारतात. शेवटी तो एका प्रचंड मोठ्या अस्वलाला बिलगून पडतो. नवव्या दिवशी आई आली तेव्हा तो तिच्यापासून दूर होत किंचाळत राहिला.

बालवाडीतले तीन तास म्हणजे हॉस्पिटलातले आठ दिवस नव्हेत, हे उघड आहे. मूल दुपारी घरी जातं, आणि तीन वर्षांच्या मुलाला ‘आई जेवायच्या वेळी येते’ हे समजू शकतं, जे दीड वर्षाच्या जॉनला समजत नव्हतं. तरी ‘रडत नाही म्हणजे ठीक’ हे गृहीत आजही तपासून पाहावं असं आहे. बर्लिनमध्ये पाळणाघरात जाऊ लागलेल्या १५ महिन्यांच्या मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, मोजलं गेलं. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. आईशिवायच्या पहिल्या दिवसांत ते खूप वाढलं होतं. काही महिन्यांनी रडणं ओसरलं होतं, कॉर्टिसोल मात्र घरच्यापेक्षा अजून वरच होतं. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी आता पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर वर्गात बसतात, चौथ्या दिवशी काही मिनिटांपुरते बाहेर जाऊन पाहतात. मूल कुठल्या एका बाईकडून समजूत घालून घेतं का, यावर पुढचं ठरतं.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी ठेवली गेली, कारण मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. हेतू पटसंख्येचा होता. पण त्यामुळे धाकट्याला नव्या जागी आपलं एक माणूस सतत नजरेसमोर मिळालं.

आपल्या वर्गात चाळीस मुलं आणि आपण एकट्या, किंवा फार तर एक मदतनीस. तीन दिवस पालकांना बसवून घेणं सगळीकडे जमणार नाही. रॉबर्टसनची कार्डं मात्र जमतील. जूनमध्ये वर्गातलं एक शांत मूल निवडायचं, रडणारं नव्हे. रोज दोनदा, ठरलेल्या वेळी, घड्याळ पाहून दोन मिनिटं त्याच्याकडे बघायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं. डबा उघडला का, कुणाजवळ बसलं, हातात घरची काय वस्तू आहे, पडल्यावर कुणाकडे पाहिलं, दुपारी दारात आई दिसल्यावर काय केलं.

लॉराची गोष्ट आठ दिवसांत संपली नव्हती. सुमारे सहा महिन्यांनंतर घरी आईवडील ती फिल्म पाहत असताना लॉरा चुकून खोलीत आली आणि तिने शेवटचा भाग पाहिला. इतके दिवस तू होतीस तरी कुठे, असं तिने आईला रागाने विचारलं आणि ती मोठ्याने रडू लागली. समजूत काढून घ्यायला मात्र ती वडिलांकडे गेली.